कासव नेहमी पाण्यात राहते

सर, शाळेला पन्नास वर्षं झाली. त्यानिमित्त स्मरणिका निघते आहे आणि तुमच्याविषयी मी एक पान लिहून द्यावं, असा निरोप घेऊन परवा माझ्याच वर्गातला एक जण मुरबाडला माझ्या घरी आला होता. शहापुरात त्याचं सिमेंट-पत्र्याचं दुकान आहे, गळ्यात जाड साखळी आहे, आणि तुम्ही त्याला दोनदा नापास केलं होतंत ही गोष्ट तो आता फार प्रेमानं सांगतो. माणूस गेला की त्यानं मारलेल्या छड्यासुद्धा गोड लागायला लागतात बहुधा. "दोन शब्द लिव गो मॅडम," तो म्हणाला, "सरांच्या फोटोखाली 'थोर निसर्गप्रेमी' टाकतोय आमी. तुजा ता कासवाचा काय तरी येऊ दे. तू लय हुशार होतीस ना कासवात." मी चहा ठेवायला आत गेले आणि ओट्याशी उभी राहून एकटीच हसले. थोर निसर्गप्रेमी! सर, तुम्हाला आंब्याचं झाडसुद्धा आंबे लागल्याशिवाय ओळखता येत नव्हतं.

तुम्हाला जाऊन बारा-तेरा वर्षं झाली. त्यामुळे हे पत्र पाठवायचं कुठे हा प्रश्नच नाही, आणि तुम्ही ते लाल शाईनं तपासून परत कराल ही भीतीही नाही. तेवढ्यासाठी तरी बरं वाटतं. तुम्ही सकाळच्या एसटीनं शहापूरहून यायचात. राखाडी सफारी, खिशाला तीन पेनं, त्यातलं लाल तेवढं चालायचं. पिशवीत गाईड, आणि गाईडला वर्तमानपत्राचं कव्हर, म्हणजे आम्हाला ते पुस्तक वाटावं. प्रयोगशाळा म्हणजे एक लोखंडी कपाट; त्याची किल्ली तुमच्याकडे आणि त्यात काय आहे हे कुणालाच माहीत नाही. शाळेच्या मागे भाताची खाचरं, खाचरांपलीकडे ओढा, ओढ्यापलीकडे रान. आणि तुम्ही मला शिकवलंत त्या तीन वर्षांत एकदाही आम्हाला मागच्या दारानं बाहेर नेलं नाहीत. मागे बेडूक ओरडतायत आणि तुम्ही फळ्यावर बेडूक काढताय, तोही बटाट्याला पाय फुटल्यासारखा, असा आमचा उभयचरांचा धडा झाला.

मी आठवीत असताना तुम्हाला कुणीतरी सांगितलं की यंदा तपासणीला येणारे साहेब जिवंत प्राण्यांचं निरीक्षण मागतात. झालं, तुमच्यातला निसर्गप्रेमी एका दिवसात जागा झाला. वर्गात येऊन म्हणालात, "कुणाला काही सापडलं तर घेऊन या. जिवंत हवं. साप नको." मी घरी जाऊन हे आईला सांगितलं. आई म्हणजे तुमच्या शाळेत झाडलोट करणारी आणि पाणी भरणारी बाई. तुम्ही तिला कधी नावानं हाक मारली नाहीत, "ए बाई, पाणी" एवढंच. मी तिची मुलगी हे तुम्हाला ठाऊक होतं, पण आपण दोघंही ते ठाऊक नसल्यासारखं वागायचो. ती व्हरांडा झाडत असली की मी दप्तरात काहीतरी शोधत पुढे निघून जायचे. हे लिहायची आज लाज वाटते, तेव्हा वाटत नसे.

आमची वाडी डोंगराच्या कडेला, शाळेपासून तासाभराची चाल. दिवाळीच्या आधी भात कापताना खाचराच्या बांधाखाली, जिथे शेवटचं पाणी साचून राहतं तिथे, आईच्या पायाला ते कासव लागलं. आमच्यात कासव खातात. आज मी हे सरळ लिहिते. तेव्हा वर्गात कुणी विचारलं असतं तर मी शपथेवर नाही म्हटलं असतं. आत्यानं तर चुलीवर आधण ठेवलंसुद्धा होतं. आईनं कासव ओल्या गोणपाटात गुंडाळलं आणि म्हणाली, "नको. पोरीचे सरांना जिता पायजेल हाय. नेऊन देते." दुसऱ्या दिवशी तास चालू असताना ती वर्गाच्या दारात गोणपाट घेऊन उभी राहिली. तुम्ही म्हणालात, "तिथेच ठेव, आत नको येऊ, चिखल होईल." सर, ती रोज सकाळी तो वर्ग पुसून घ्यायची.

शाळेमागे बागेचा हौद होता. बाग कधीच नव्हती, हौद तेवढा होता. तळाला वीतभर गाळ, आणि विहिरीकडच्या कोपऱ्यात तळाचं सिमेंट फुटून खालची माती उघडी पडलेली. त्यात सोडण्याआधी तुम्ही कासवाच्या पाठीवर पांढऱ्या ऑइलपेंटनं लिहिलंत: नमुना क्र. १. दोन नंबरचा नमुना पुढे कधी आलाच नाही. रंगवताना त्यानं मान काढून तुमचं बोट धरलं, तेव्हा तुमच्या तोंडून जो आवाज निघाला तो आठवीचा अख्खा वर्ग पुढे महिनाभर काढत होता. त्याची मान एवढी लांब असते हे तुम्हाला ठाऊकच नव्हतं. तुम्ही आम्हाला पाच मुद्दे सांगितलेत, ते आम्ही उतरवून घेतले, आणि दर आठवड्याला निरीक्षणवहीत नोंद करायची असं ठरलं. बाकीच्यांनी ते पाच मुद्दे पाच आठवड्यांत वाटून टाकले. मी मात्र खरंच बघायला लागले, कारण आईबरोबर मला शाळा भरायच्या तासभर आधी यावंच लागायचं आणि दुसरं करण्यासारखं काही नसायचं.

म्हणून मला ते दिसलं. त्याची पाठ चित्रातल्यासारखी चौकटीचौकटीची नव्हती. गुळगुळीत, शेवाळी, ओल्या चामड्याची होती. नाक पुढे निघालेलं, टोकाला दोन नळ्या. सगळं अंग पाण्यात आणि तेवढं नाक वर, असं ते तासन्‌तास राहायचं. मागचे पाय आत घेतले की खालून दोन झडपा लागायच्या, दुकानाच्या फळ्या लावाव्यात तशा. गोगलगाय कचकन फोडून खायचं, मेलेला बेडूक खायचं, पाण्यातलं गवत खायचं, आणि आई डब्यातला भात टाकायची तोही. कोवळ्या उन्हात कडेच्या विटेवर येऊन बसायचं आणि कुणाची सावली पडली की टुपकन आत. आई सांगायची, ही जात खाचरात असते, तळ्यात असते, ओढ्याच्या संथ डोहात असते, पण तळाला गाळ नसेल तिथे राहत नाही. पाणी लागतं तेवढाच गाळ लागतो त्यांना. पाऊसकाळ सरता सरता मादी वर येऊन बांधाच्या मातीत अंडी घालते आणि वर माती ओढून निघून जाते. हे सगळं आईला माहीत होतं, कारण ते खाणारी माणसं ते बघतात. तुम्ही खात नव्हतात आणि बघतही नव्हतात.

त्या वर्षाचा चैत्र संपत आलाय. विहीर खाली गेलीये, मुख्याध्यापकांनी आईला सांगितलंय की पिण्यापुरतंच भर, हौदात घालू नको. हौदात आता घोटाभर पाणी उरलंय आणि त्याखाली काळा मऊ गाळ. शनिवारची सकाळची शाळा, अजून कुणी आलेलं नाही. मी काठावर बसलेय. कासव फुटक्या कोपऱ्यात गेलंय आणि पुढच्या पायांनी माती मागे सारतंय, अजिबात घाई न करता, जरा थांबून पुन्हा. आधी डोकं जातं, मग पाठीवरचं "नमुना" जातं, मग "क्र. १" जातं. थोड्या वेळानं गाळातून तेवढं नाक वर येतं, मग तेही खाली जातं आणि वरची माती सपाट होते. मी ओरडते, "आये, कासव बुडला!" आई हंडा ठेवून येते, बघते आणि हसते. "बुडल कशाला गो? निजला तो. पानी आटला का मातीत जाऊन निजतो. आता आगोट लागली, पयला पाऊस आला का उठंल. तवर काय खायाचा नाय, काय प्यायाचा नाय." मी विचारते, मरत कसं नाही? ती म्हणते, "उठवला तर मरंल. निजू दिला तर नाय मरत." त्या संध्याकाळी मी हे सगळं तारीख टाकून वहीत लिहिलं आणि चुलीसमोर बसून तिला वाचून दाखवलं. तिनं शेवटचं वाक्य पुन्हा वाचायला लावलं. आपण बोललेलं कागदावर जाऊन परत कानावर येतं, याची तिला फार गंमत वाटली होती. "माजाच बोलना हाय ह्या," ती आत्याला सांगत होती, "वहीत गेला बघ."

सोमवारी वह्या तुमच्या टेबलावर. 'कासव उन्हाळ्यात मातीत निजते व आगोटीला उठते' या वाक्याखाली तुमची लाल रेघ, आणि रेघेनं पोट भरलं नाही म्हणून वही हातात धरून तुम्ही वर्गासमोर उभे. "निजते?" तुम्ही वर्गाला विचारता. "गोधडी घेऊन निजते की तशीच?" वर्ग हसतो. "कुणी सांगितलं गं हे तुला?" मी म्हणते, "आयेनं." "आयेनं!" असं म्हणून तुम्ही इतका वेळ गप्प राहता की हसायला सगळ्यांना पुरेसा अवधी मिळावा. "विज्ञान तुझी आई शिकवते की मी? कासव हा जलचर प्राणी आहे. नेहमी पाण्यात राहतो. उद्या नीट लिहून आण, मग बघू मार्कांचं." मागच्या दारापासून शंभर पावलांवर हौद होता, सर. तुम्हाला फक्त उठून जायचं होतं. पण उठून जाऊन बघण्याला तुम्ही कधी विज्ञानात धरलंच नाहीत. तुमच्या मते विज्ञान म्हणजे छापून आलेलं ते, आणि छापून आलेलंही गाईडातलं.

त्यानंतर आठ-दहा दिवसांनी तपासणीची तारीख आली आणि तुम्ही पहिल्यांदाच हौदाकडे गेलात. हौदात भेगाळलेला गाळ, बाकी काही नाही. तुम्ही काठावरून काठीनं चार ठिकाणी खुपसून पाहिलंत, चारही ठिकाणी काठी सिमेंटला टेकली. पाचवं ठिकाण म्हणजे तो फुटका कोपरा, तिथे काठी पोचायला हौदात उतरावं लागलं असतं. तुम्ही उतरला नाहीत, सफारीची इस्त्री मोडली असती. सरळ ऑफिसात गेलात आणि आईला बोलावणं पाठवलंत. मी खडूची पेटी ठेवायला आले होते, ती तिथेच दाराशी राहिले. ऑफिसात मुख्याध्यापक, तुम्ही, शिपाई, आणि टेबलावर आठवीच्या निरीक्षणवह्यांची चळत, साहेबांना दाखवायला खाकी कव्हर घालून तयार.

"कासव कुठाय?" तुम्ही विचारलंत.

"निजलाय," आई म्हणाली. "हौदाच्या कोपऱ्यात, मातीत."

तुम्ही मुख्याध्यापकांकडे बघून हसलात. "मातीत की पोटात? तुमच्यात खातात ना?"

"खातात," आई म्हणाली. तिला त्यात लपवण्यासारखं काही वाटलं नाही. "मला खायाचा असता तर दिवालीलाच खाल्ला असता. मीच आणून दिला ना तुमाला?"

तुम्ही आवाज चढवलात. "मग खणून दाखव!"

"उठवला तर मरंल तो. तुमाला बगायचाच आसंल तर तुमी खना."

शिपाई खाली बघून हसला. तुमच्या कानाची पाळी लाल झालेली मला दाराशी दिसली. मुख्याध्यापक तसे वाईट नव्हते, ते म्हणाले, "अगं, पण तू म्हणतेस याला पुरावा काय?" आणि आईचा चेहरा एकदम खुलला. सर, तो चेहरा तुम्ही पाहिला नाहीत, तुम्ही सफारीची कॉलर नीट करत होतात. ती म्हणाली, "माजे पोरीनं लिवलाय ना वहीत. तारीख टाकून. काडा तिची वही, वाचा." शाळेत सहा वर्षं पाणी भरून तिला एवढंच पटलं होतं की कागदावर गेलेलं कुणाला नाकारता येत नाही. तुम्ही चळतीतून वही काढलीत, पान उघडलंत, आणि मोठ्यानं, एकेक शब्द सुटा करत वाचलंत: "कासव हा जलचर प्राणी आहे. कासव नेहमी पाण्यात राहते." मग वही मिटून म्हणालात, "झालं? तुझ्या पोरीला कळतं ते तुला कळत नाही." आई तुमच्या तोंडाकडे बघत राहिली. माझ्याकडे तिनं पाहिलंच नाही. मी खालच्या शहाबादी फरशीची चीर बघत होते, ती पार दाराच्या उंबऱ्यापर्यंत गेली होती. मुख्याध्यापक म्हणाले, "उद्यापासून येऊ नको, बाई." आणि तिनं कमरेची शाळेची किल्ली सोडून टेबलावर ठेवली.

घरी जाताना ती ओढा ओलांडल्यावर म्हणाली, "त्यानं खोटा वाचला." मी दप्तर सावरलं. "मी तुजे तोंडून आयकलाय काय लिवलाय तां. मला वाचता येत नाय म्हनून त्यानं खोटा वाचला." पुढे चढण लागली, तिथे थांबून तिनं आपला पदर माझ्या डोक्यावर ओढला, ऊन होतं. "तू गप ऱ्हायलीस तां बरा केलास. बोलली असतीस तर तुजे मार्क गेले असते." त्या दिवसापासून आमच्या घरात तुमचं नाव पडलं, खोटा वाचणारा. आमच्या वाडीवर चोराला माफी आहे, दारुड्याला आहे, पण ज्याला वाचता येतं आणि जो न वाचता येणाऱ्यासमोर दुसरंच वाचतो, त्याच्या घरचं पाणीही आई पिणार नाही.

आणि मग जूनच्या अखेरीला, प्रार्थना चालू असताना, तुमचा नमुना क्रमांक एक शाळेच्या व्हरांड्यात चालत आला. अंगावर चिखल सुकलेला, पाठीवरचा "नमुना" बराच खरवडून गेलेला, पण "क्र. १" शाबूत. प्रार्थना तिथेच थांबली. तुम्ही पुढे होऊन वाकून पाहिलंत आणि म्हणालात, "दुसरं दिसतंय." शिपाई म्हणाला, "सर, तेच्यावर नंबर हाय." त्यावर तुम्ही घड्याळ बघितलंत. त्या संध्याकाळी तुम्ही कासव पिशवीत घालून एसटीत बसलात आणि सापगावला उतरून नदीत सोडून आलात, असं दुसऱ्या दिवशी स्वतःच सांगितलंत, प्राण्यांना निसर्गात सोडावं हे शिकवण्याच्या सुरात. निसर्गप्रेमाचा तुमच्या आयुष्यातला तो एकमेव पुरावा, आणि तोही पुरावा नाहीसा करण्यासाठी दिलेला. मला एकटीला बोलावून हिरव्या टोपणाचं एक पेन दिलंत. म्हणालात, "हुशार आहेस, पुढे जाशील. झालेलं उकरून काढायचं नसतं." उकरणं हा शब्द तुमच्या तोंडी मला भारीच वाटला. पेन मी घेतलं. चांगलं चालायचं.

मुख्याध्यापकांनी मात्र शिपायाला वाडीवर पाठवलं. बाईला म्हणावं कासव सापडलं, कामावर ये. हे तुम्हाला बहुधा माहीत नसेल. आई अंगणात लाकडं फोडत होती, तिनं कुऱ्हाडही खाली ठेवली नाही. "उठला ना? मी बोलले व्हते." मग म्हणाली, "पन जिथं खोटा वाचतात त्या शालंत मी पानी नाय भरनार." शिपायानं माझ्याकडे पाहिलं, की बाबा पोरगी तरी समजूत घालेल. मी आत जाऊन चुलीत फुंकर मारत बसले. त्या वर्षी भातकापणी झाल्यावर आई पहिल्यांदा वीटभट्टीवर गेली. पुढे सहा हंगाम गेली. मी आधी आत्यापाशी, मग शहापूरला वसतिगृहात, ती भट्टीवर. उन्हाळ्यात परत यायची तेव्हा बोटांच्या पेरांवरची सालं गेलेली असायची आणि खोकला बरोबर यायचा. तो खोकला अजून आहे. मुरबाडच्या डॉक्टरला ती सांगते, धूर गेलाय छातीत, आता बाहेर कसा येईल.

तुम्ही गेल्याचं मला मुरबाडच्या स्टँडवर कळलं, मी तेव्हा डी.एड. करत होते. मला वाईट वाटलं नाही. शोकसभेत म्हणे कुणीतरी सांगितलं की सरांनी शाळेत कासव पाळलं होतं. पाळलं होतं! ते पाळणं कायद्यानं गुन्हा आहे हे मला पुढे कळलं, तेव्हा मी पोटभर हसले. म्हणजे चोर कुणी असलाच तर तोही तुम्हीच. आता मी म्हसा गावाच्या बाजूला एका शाळेवर शिकवते. जूनमध्ये मुलांना तळ्यावर नेते, गाळातून वर आलेली कासवं दाखवते, आणि दरवर्षी एखादा पालक विचारतोच की मॅडम, ह्या परीक्षेला हाय काय. तुमची माणसं संपलेली नाहीत, सर. तुम्ही गेलात एवढंच.

इथवर सगळं सोपं होतं. तुमचा तिरस्कार करणं मला कधी जड गेलं नाही. वर्षानुवर्षं केलाय, हात बसलाय. पण परवा तो साखळीवाला तुमचा फोटो दाखवत होता, तेव्हा आई पायरीवर तांदूळ निवडत बसली होती. तिनं सूप खाली ठेवून विचारलं, "त्या खोटा वाचनाऱ्याचा फोटू लावताव तुमी?" तो हसला, म्हणाला, "म्हातारे, काय केलान सरांनी तुजा?" आणि तिनं त्याला सगळं सांगितलं. तारीख टाकून लिहिलेलं पान, चुलीसमोर ऐकलेलं वाक्य, आणि तुमचं ते वाचणं. तो माझ्याकडे बघत होता आणि मी मान डोलावत होते. तेव्हापासून मला नीट झोप नाही.

कारण त्या सोमवारी तुम्ही लाल रेघ मारलीत, आणि मंगळवारी सकाळी घरी मी ते पान वहीतून फाडलं. शिलाईतून, मागचं कोरं पानसुद्धा, म्हणजे कळू नये. आणि नव्या पानावर वळणदार अक्षरात लिहिलं की कासव हा जलचर प्राणी आहे, कासव नेहमी पाण्यात राहते. तुम्ही मला दहापैकी दहा दिलेत. फाडलेलं पान मी चुलीपाशी टाकलं होतं. चहाला जाळ लावताना आईनंच ते उचलून आत सरकवलं, स्वतःचं बोलणं. तुम्ही ऑफिसात जे वाचलंत ते अक्षरन्‌ अक्षर माझं होतं. तुम्ही वह्या तपासायचात, वाचायचात नाहीत, त्यामुळे आठ-दहा दिवसांपूर्वी आपणच काय खोडलं होतं हे तुमच्या लक्षातही राहिलं नसणार. आईला मी कधी सांगितलं नाही. शिपाई आला होता त्या दिवशी एक वाक्य बोलले असते तर ती बडबडली असती, एखादी चापटही मारली असती, आणि दुसऱ्या दिवशी हंडा घेऊन शाळेत गेली असती. मी फुंकर मारत बसले.

स्मरणिकेचं पान लिहून झालंय, ते शेजारीच आहे. सरांमुळे मला निसर्गाची गोडी लागली, असं सुरुवातीला आहे. अक्षर छान आलंय. उद्या साखळीवाला घेऊन जाईल.

आत्ता मध्येच आई आली होती, खोकला आला म्हणून पाणी प्यायला. माझ्यासमोरचे एवढे कागद बघून म्हणाली, "काय लिवतेस एवढा? वाचून दाव जरा." पूर्वी बसायची तशी माझ्याशेजारी बसली, डोळे मिटून. मी हेच पत्र हातात धरलं आणि वाचलं की शाळेत पाण्याची टाकी बसवायची आहे, तरी साहेबांनी मंजुरी द्यावी. पाच-सहा ओळी सलग वाचल्या, कुठे अडखळले नाही. "बेस लिवलास," ती म्हणाली आणि गेली. सर, तुम्ही त्या दिवशी खरं वाचलं होतंत.